श्रीलंकेला पहिल्यांदा जाताना: तारीख ठरवण्यापासून परतीच्या विमानापर्यंत

मुंबईहून कोलंबो विमानाने साधारण अडीच तासांवर आहे, घड्याळाचे काटे हलवावे लागत नाहीत आणि भात, नारळ, मिरची हे तिथल्याही ताटात असते. त्यामुळे श्रीलंकेला जाणे म्हणजे केरळच्या थोडे पुढे जाणे, असा आपल्याकडे अनेकांचा समज असतो. माझाही तसाच समज होता. आईबाबांना घेऊन मी पहिल्यांदा गेले ते दिवाळीच्या सुट्टीत, सात दिवसांसाठी. त्यातले तीन दिवस पावसात आणि जवळजवळ दोन दिवस गाडीत बसून गेले. ज्या अनुराधपुरासाठी, म्हणजे बोधिवृक्ष आणि स्तूपांच्या प्राचीन नगरासाठी, आईने इतकी वर्षे वाट पाहिली होती, तिथे आम्हाला जेमतेम तीन तास मिळाले. दुसऱ्यांदा गेलो ते फेब्रुवारीत, नीट अभ्यास करून, आणि तीच माणसे, तोच देश असूनही तो प्रवास पूर्णपणे वेगळा झाला. या दोन प्रवासांत जो फरक पडला, तो कशामुळे पडला हे पुढे क्रमाने लिहिले आहे.

१. तिकिटाआधी पाऊस समजून घ्या

आपल्याकडे पावसाळा एकच असल्यामुळे दसरा झाला की बाहेर पडायला मोकळे, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला आहे. श्रीलंकेत पावसाचे दोन मोसम आहेत आणि ते बेटाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना भिजवतात. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबो, गॉल आणि डोंगराळ मध्यभागाच्या पश्चिम उतारांवर पाऊस आणतात. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य मोसमी वारे त्रिंकोमाली, बट्टिकलोआ आणि जाफना या बाजूंना पाऊस देतात. त्यामुळे एका किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असताना दुसऱ्या किनाऱ्यावर लोक निवांत पोहत असतात.

खरा सापळा आहे तो ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा, म्हणजे नेमका आपल्या दिवाळीच्या सुट्टीचा. या दोन मोसमांच्या मधल्या काळात दुपारनंतर जवळजवळ सगळ्या बेटावर गडगडाटी पाऊस पडतो, शिवाय बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे आणि चक्रीवादळे याच सुमारास येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या दित्वा चक्रीवादळाने तर पूर आणि दरडींनी मोठी जीवितहानी केली आणि डोंगरातल्या रेल्वेमार्गाचेही फार नुकसान केले. दिवाळीत जायचेच असेल तर जा, पण सकाळी लवकर बाहेर पडा, दुपार मोकळी ठेवा आणि डोंगराळ भागातील मुक्काम कमी करा.

पहिल्याच वेळी जाणाऱ्याने जमल्यास जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अनुराधपूर, सिगिरिया, कँडी आणि दक्षिणेचा किनारा हे सगळे एकाच प्रवासात नीट बघता येईल, असा वर्षातला हाच काळ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी मिळत असेल तर पूर्व किनारा आणि उत्तर-मध्य भागातील प्राचीन नगरे निवडा. एप्रिलमध्ये जात असाल तर १३ आणि १४ तारखेच्या आसपास सिंहली आणि तमिळ नववर्ष येते, हे लक्षात ठेवा: त्या दिवसांत लोक गावी जातात, शहरांतील दुकाने आणि खाणावळी बंद असतात, आणि बसगाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.

२. पौर्णिमा कधी आहे ते पाहा

श्रीलंकेत दर महिन्याची पौर्णिमा ही सार्वजनिक सुट्टी असते. तिला 'पोय' म्हणतात. पाली भाषेतल्या 'उपोसथ' या शब्दाचेच ते झिजलेले रूप आहे. त्या दिवशी दारूची आणि मांसाची विक्री बंद असते, बँका आणि कचेऱ्या उघडत नाहीत, आणि पांढरी वस्त्रे घातलेली कुटुंबेच्या कुटुंबे विहारात जाऊन अष्टशील, म्हणजे त्या दिवसापुरते आठ नियम, पाळतात.

मराठी माणसाला यात एक सोय आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पौर्णिमा छापलेलीच असते, आणि महिन्यांची नावेही ओळखीची वाटतात: वैशाखाची वेसाक, ज्येष्ठाची पोसोन, आषाढाची एसळ, माघाची नवम. मात्र कधी कधी एका दिवसाचा फरक पडतो आणि अधिक मासाच्या वर्षी घोळ होऊ शकतो, म्हणून अंतिम तारीख श्रीलंकेच्या सरकारी सुट्ट्यांच्या यादीतूनच पक्की करावी.

पौर्णिमा टाळायची की गाठायची, हे तुमच्या हेतूवर अवलंबून आहे. फक्त फिरायला जात असाल तर त्या दिवशी अनुराधपूर आणि कँडी टाळा, कारण खोल्या महाग आणि रस्ते भरलेले असतात. श्रद्धेने जात असाल तर तोच दिवस साधा. वेसाकला, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेला, रस्तोरस्ती कागदी आकाशकंदील आणि जातककथांची रोषणाई असते, आणि 'दन्सल' म्हणजे दानशाळा उभारून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण, सरबत, चहा दिला जातो. कोणी हात धरून पंगतीत बसवले तर संकोच करू नका. त्यांच्या दृष्टीने तुम्ही तिथे जेवणे हे त्यांचे पुण्य आहे. पोसोनला अनुराधपूरजवळच्या मिहिंतले येथे मोठी गर्दी होते, कारण सम्राट अशोकाचे पुत्र महिंद थेर यांनी तिथे राजा देवानंपिय तिस्स याला धम्म सांगितला, अशी परंपरा आहे. कँडीची एसळ पेरहेर, म्हणजे हत्ती, मशाली आणि नर्तकांची मिरवणूक, जुलै-ऑगस्टमध्ये असते आणि तिच्यासाठी खोली काही महिने आधी ठरवावी लागते.

३. प्रवास परवाना आणि कागदपत्रे

भारतीयांना निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास परवाना घ्यावा लागतो; तो 'ईटीए' या नावाने ओळखला जातो. पर्यटकाला सामान्यतः ३० दिवस राहता येते. या परवान्याचे शुल्क आणि नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, त्यामुळे शेजाऱ्याने गेल्या वर्षी किती भरले यावर विसंबू नका, निघण्याच्या महिन्यात स्वतः तपासा.

इथे पहिली मोठी फसवणूक होते. शोध घेतल्यावर वरच्या बाजूला दिसणारी कित्येक संकेतस्थळे खासगी दलालांची असतात. त्यांवर सरकारी वाटावी अशी चिन्हे असतात आणि ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट गव्ह डॉट एलके' ने संपतो. तेवढे पाहिल्याशिवाय कार्डाचा क्रमांक टाकू नका.

दुसरी चूक नावाची. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचे नाव वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह दुसऱ्या रकान्यात असते. अर्ज भरताना मधले नाव गाळण्याचा मोह होतो. तसे करू नका, पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच अक्षरन् अक्षर लिहा. माझ्या वडिलांच्या अर्जात मधले नाव राहिले होते आणि मुंबईच्या विमानतळावर अर्धा तास त्यातच गेला.

सोबत ठेवायची कागदपत्रे अशी:

- आगमनाच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट, त्यात कोरी पाने शिल्लक असावीत
- मंजूर झालेल्या प्रवास परवान्याची छापील प्रत
- परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट
- पहिल्या मुक्कामाचा पूर्ण पत्ता आणि आरक्षणाची प्रत
- प्रवास विमा, आणि नियमित औषधे घेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी
- पासपोर्टच्या दोन छायाप्रती, एक बॅगेत आणि एक सोबतच्या माणसाकडे

४. पैसे, फोन आणि प्लग

तिथले चलनही रुपयाच आहे, पण तो श्रीलंकेचा रुपया आहे. एका भारतीय रुपयाला अलीकडे साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये मिळतात, आणि दर बदलत असतो. भारतीय नोटा दुकानात चालत नाहीत. त्या विमानतळावरच्या बँकांच्या खिडक्यांवर बदलून मिळतात. भारतातून बाहेर नेता येणाऱ्या भारतीय नोटांना माणशी २५,००० रुपयांची मर्यादा आहे. मी थोडे डॉलर, थोडे भारतीय रुपये आणि परदेशी व्यवहार चालू केलेले एक कार्ड असे तिन्ही नेते. फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत यूपीआयने पैसे देण्याची सोय सुरू झाली आहे, पण ती काही दुकानांपुरतीच आहे. तिच्या भरवशावर रोख न घेता खेड्यात जाऊ नका. पैसे बदलल्याची पावती जपून ठेवा, परत जाताना ती लागते. आणि मिळेल तिथे नोटा सुट्ट्या करून घ्या, कारण विहाराबाहेर चपला सांभाळणाऱ्याला किंवा रिक्षावाल्याला पाच हजारांची नोट देणे त्याच्यावर अन्याय आहे.

सिमकार्ड आगमनकक्षातच घ्या. डायलॉग आणि मोबिटेल यांचे जाळे चांगले आहे. तिथल्या नव्या इमारतींत चौकोनी तीन पिनांचा प्लग चालतो, जुन्या ठिकाणी आपला गोल पिनांचा बसतो, त्यामुळे एक जोडप्लग बरोबर असावा.

५. मार्ग आखताना किलोमीटर मोजू नका, तास मोजा

नकाशावर बेट लहान दिसते आणि तिथेच सगळ्यांचा हिशेब चुकतो. कोलंबो ते कँडी सुमारे ११५ किलोमीटर आहे, पण रस्त्याने तीन ते चार तास लागतात. अनुराधपूर कोलंबोपासून साधारण २०० किलोमीटर असून साडेचार-पाच तास धरावेत. द्रुतगती मार्ग आहेत ते मुख्यतः विमानतळ, कोलंबो आणि दक्षिण किनारा या पट्ट्यात. आत शिरलात की रस्ता गावांमधून, शाळांसमोरून, वळणावळणाने जातो आणि ताशी तीस-चाळीसच्या पुढे सरासरी पडत नाही.

आठ दिवस असतील तर माझी शिफारस अशी: विमानतळावरून कोलंबोत न शिरता सरळ अनुराधपूर, तिथे दोन रात्री, मग सिगिरिया-दंबुल्ल परिसरात दोन रात्री, ज्यात पोलोन्नरुव हे प्राचीन नगर पाहून होते, मग कँडीत दोन रात्री, आणि शेवटी डोंगर किंवा समुद्र यांपैकी एकच. दोन्ही घेण्याचा आग्रह धरलात तर वृद्ध माणसांचे हाल होतात, हे मी माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. सहलकंपन्या सात दिवसांत दहा ठिकाणे लिहून देतात. त्या यादीतील प्रत्येक ठिकाणापुढे 'इथे पोहोचायला किती तास आणि इथे थांबायला किती तास' हे दोन आकडे मागा, मग निर्णय सोपा होईल.

६. रेल्वे, बस आणि थ्रीव्हील

कँडीहून एल्ल या डोंगरातल्या गावाला जाणारी रेल्वे चहाच्या मळ्यांतून, ढगांतून आणि बोगद्यांतून सहा-सात तास हळूहळू जाते आणि ती खरोखरच सुंदर आहे. दित्वाच्या नुकसानीनंतर या मार्गाचा कोणता टप्पा चालू आहे, हे मात्र बेत ठरवण्यापूर्वी रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच घ्या. आरक्षण ३० दिवस आधी खुले होते आणि खिडकीकडच्या जागा लगेच संपतात. मग दलाल तीच तिकिटे चढ्या भावाने विकतात. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात खिडक्या बंद असतात, त्यामुळे बाहेरचे पाहायचे असेल तर दुसऱ्या वर्गाचे आरक्षित तिकीट चांगले. दारात लोंबकळून छायाचित्र काढण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्या नादी लागू नका. त्यात माणसे खरोखर मेली आहेत.

स्थानकांच्या नावांतही गफलत होते. नुवारा एलिया शहरात रेल्वे स्थानक नाही, तिथे जाण्यासाठी नानु ओया येथे उतरावे लागते. कोलंबोहून डोंगरात जाणाऱ्या काही गाड्या कँडी स्थानकात न जाता पेरादेनियावरूनच पुढे जातात. सिगिरिया आणि दंबुल्ल येथे रेल्वे नाही. आणि नुवारा एलिया सुमारे १,८६८ मीटर उंचीवर आहे, तेव्हा उष्ण देशात चाललो म्हणून स्वेटर घरी ठेवू नका.

बस अतिशय स्वस्त आहे. सरकारी बस लाल रंगाची असते. पुढच्या दारालगतच्या जागा भिक्खूंसाठी राखीव असतात आणि भिक्खू चढले की तिथे बसलेला माणूस उठतो. तिथे बसू नये हे उत्तम. तीनचाकी रिक्षेला तिथे 'थ्रीव्हील' म्हणतात. शहरात 'पिकमी' या ॲपवरून ती बोलावली की भाड्याचा वाद उरत नाही. ॲप नसेल तर बसण्यापूर्वी भाडे ठरवा. चार-पाच जणांचे कुटुंब असेल तर चालकासह गाडी सगळ्यात सोयीची, मात्र चालकाचे जेवण आणि राहणे कोणाकडे, इंधन कोणाचे, रोजचे किलोमीटर किती, हे आधी लिहून घ्यावे.

७. विहारात पाऊल ठेवताना

हा भाग मी सगळ्यात काळजीपूर्वक लिहीत आहे, कारण इथे झालेली चूक पैशाने भरून निघत नाही. श्रीलंकेत सुमारे सत्तर टक्के लोक थेरवादी बौद्ध आहेत. ज्या जागा आपल्या प्रवासाच्या यादीत 'प्रेक्षणीय स्थळ' म्हणून येतात, त्या त्यांच्यासाठी रोजच्या पूजेच्या जागा आहेत.

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, स्त्री-पुरुष दोघांचेही. पांढरा किंवा फिका रंग घातलात तर गर्दीत तुम्ही आपोआप मिसळून जाता. टोपी आणि चपला बाहेर काढायच्या. दुपारी अनुराधपूरच्या रुवनवेलिसाय स्तूपाभोवतीची फरसबंदी तव्यासारखी तापते. जाड मोजे घालून चालता येते, त्याला कोणी हरकत घेत नाही. आईच्या तळव्यांना पहिल्या खेपेस फोड आले होते, म्हणून सांगते की पर्समध्ये मोज्यांचे दोन जोड ठेवाच.

छायाचित्रे: बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे हा तिथे अपमान मानला जातो, आणि सुरक्षारक्षक लगेच अडवतात. तुम्ही मूर्तीकडे तोंड करून, हात जोडून उभे असताना दुसऱ्याने बाजूने काढले तर चालते. सिगिरियाच्या भित्तिचित्रांपाशी छायाचित्रणाला पूर्ण बंदी आहे.

बुद्धाची चित्रे अंगावर: महाराष्ट्रात अनेक तरुण श्रद्धेने दंडावर बुद्धाचे चित्र गोंदवतात, बुद्धमुद्रा छापलेले सदरे घालतात. श्रीलंकेत याच गोष्टीकडे विटंबना म्हणून पाहिले जाते. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचे चित्र गोंदवलेल्या एका ब्रिटिश पर्यटक महिलेला देशाबाहेर पाठवण्यात आले होते. तुमचा भाव किती शुद्ध आहे हे विमानतळावर समजावून सांगता येणार नाही, म्हणून गोंदण पूर्ण बाहीच्या सदऱ्याखाली झाकलेले ठेवा आणि तसे सदरे घरीच राहू द्या.

फुले आणि प्रदक्षिणा: विहाराबाहेर कमळे, कुमुदिनी आणि जाईची फुले मिळतात. अर्पण करायच्या फुलाचा वास घ्यायचा नाही, हा आपल्याकडचाच नियम तिथेही आहे. स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालावी. उदबत्ती आणि तेलाचे दिवे ठरलेल्या जागीच लावावेत.

भिक्खू: दोन्ही हात जोडून, किंचित वाकून वंदन करावे. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये; काही द्यायचे असेल तर ते समोर ठेवावे किंवा सोबतच्या पुरुषाच्या हाती द्यावे. ते बसलेले असताना त्यांच्यापेक्षा उंच आसनावर बसू नये.

मराठी बौद्ध वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. विहारात वंदना म्हणताना जे पाली शब्द आपण लहानपणापासून ऐकतो, तेच तिथे ऐकू येतात. अनुराधपूरच्या जय श्री महाबोधी या बोधिवृक्षापाशी माझी आई हलक्या आवाजात 'नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स' म्हणू लागली तेव्हा शेजारी बसलेल्या सिंहली आजींनी तिच्याकडे पाहिले आणि पुढची त्रिशरणे दोघींनी एकत्र म्हटली. एकीला मराठीशिवाय काही येत नव्हते आणि दुसरीला सिंहलीशिवाय. शेवटी दोघींनी 'साधू, साधू, साधू' म्हटले आणि त्या आजींनी आपल्या ओंजळीतली निम्मी फुले आईच्या हातात दिली. सहा रंगांच्या पट्ट्यांचा जो बौद्ध ध्वज आपल्याकडे धम्मचक्र प्रवर्तनदिनी फडकतो, तोही मूळ १८८५ साली कोलंबोत फडकलेला आहे. आणि १९५० साली कँडीत भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेला बाबासाहेब आंबेडकर स्वतः उपस्थित होते. हे ठाऊक असले की कँडीच्या रस्त्यांवरून चालताना मनात काही वेगळेच उमटते.

देशात हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती वस्तीही मोठी आहे. जाफन्याच्या नल्लूर कंदस्वामी मंदिरात पुरुषांना सदरा काढूनच आत जावे लागते.

८. तीन ठिकाणे, आणि तिथे नेमके काय करावे

अनुराधपूर. जय श्री महाबोधी हा वृक्ष बोधगयेच्या मूळ वृक्षाच्या फांदीपासून वाढला. ती फांदी अशोककन्या संघमित्रा थेरी यांनी इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात आणली, अशी परंपरा सांगते. मुख्य वृक्ष उंच चौथऱ्यावर, सोनेरी कठड्याच्या आत आहे, आणि पहिल्यांदा येणारे बरेचजण खालच्या मोठ्या झाडांनाच तो समजून परत फिरतात. सोनेरी आधारांवर टेकलेली बारीक फांदी शोधा, तीच ती. पहाटे किंवा सूर्यास्तानंतर जा. अवशेषांचा परिसर अफाट आहे. सायकल किंवा थ्रीव्हील घेतल्याशिवाय जेतवन, अभयगिरी, थूपाराम हे स्तूप एका दिवसात होत नाहीत.

पुरातत्त्वीय स्थळांची परदेशी लोकांसाठीची तिकिटे महाग असतात, पण भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना अनेक ठिकाणी मोठी सवलत मिळते. ती मागावी लागते आणि त्यासाठी मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. पहिल्या खेपेस आम्ही पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून गेलो आणि पूर्ण पैसे भरले.

सिगिरिया. पाचव्या शतकात राजा कश्यपाने या प्रचंड खडकावर राजवाडा बांधला. सुमारे १,२०० पायऱ्या आहेत, वरचा लोखंडी जिना अरुंद आहे आणि वर सावली नाही. दरवाजा उघडताच चढायला लागा, नऊनंतर उन्हाने आणि रांगेने जीव नकोसा होतो. खडकावर गांधीलमाश्यांची पोळी आहेत, म्हणून 'शांतता राखा' असे फलक लावलेले आहेत. ते गंभीरपणे घ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या जलोद्यानांत बसून खडक पाहावा, तेही सुंदरच दिसते.

कँडीचे श्री दळदा मालिगावा. इथे बुद्धाचा दंतधातू, म्हणजे पवित्र अवशेष म्हणून जपलेला दात, आहे. चौथ्या शतकात कलिंगाहून राजकन्या हेममाला आणि राजकुमार दंत यांनी तो आणला, असे मानतात. दंतधातू प्रत्यक्ष दिसत नाही, तो ज्या सुवर्णकरंडकात आहे तो पूजेच्या वेळी दुरून दिसतो. हे आधी माहीत नसले तर मन खट्टू होते. पूजा पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहा या सुमारास होते. पहाटेच्या पूजेला जा. ढोलांचा आवाज मंदिरभर घुमत असतो आणि रांगेत पर्यटकांपेक्षा शाळेत जाण्यापूर्वी आलेली मुले जास्त असतात. जानेवारी १९९८ मध्ये इथे बॉम्बस्फोट झाला होता, त्यामुळे तपासणी कडक आहे. मोठी बॅग आणू नका.

९. जेवण, विशेषतः शाकाहारींसाठी

दुपारी भात आणि चार-पाच कालवणे, यालाच 'राइस अँड करी' म्हणतात. त्यात परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ, फणसाची किंवा बीटची भाजी आणि पोल संबोल ही ओल्या नारळाची झणझणीत चटणी असते. दोन वाजून गेले की हे जेवण बहुतेक खाणावळींत संपते. संध्याकाळी आप्प म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाटीसारखे धिरडे, इंदिआप्प म्हणजे शेवयांच्या चकत्या, आणि लोखंडी तव्यावर खणखणाट करत चिरलेली कोत्तु रोटी मिळते.

शाकाहारी माणसाची गाठ 'उंबलकड' या पदार्थाशी पडते. हा सुकवलेल्या माशाचा चुरा आहे आणि तो संबोलमध्ये, कधी कधी साध्या भाजीतही घातलेला असतो. स्वयंपाक्याच्या लेखी तो मसाला असल्यामुळे 'व्हेजिटेरियन आहे का' या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे होच म्हणतो. म्हणून 'मस् एपा, मालु एपा, उंबलकड एपा', म्हणजे मांस नको, मासे नको, उंबलकड नको, हे वाक्य पाठ करून जा. कोलंबो, कँडी आणि जाफना येथे तमिळ 'सैव' म्हणजे शाकाहारी भोजनालये आहेत, तिथे निश्चिंतपणे जेवावे.

गोडात म्हशीचे मातीच्या मडक्यात लावलेले दही आणि त्यावर कितुलचा पाक नक्की घ्या. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. तहानेला थंबिली हे केशरी शहाळे रस्त्यावर कुठेही मिळते.

चार शब्द बोलता आले तर चेहरे उजळतात: भेटल्यावर 'आयुबोवन', आभारासाठी 'स्तुति', किंमत विचारताना 'कीयद'. आकडे तर ऐकताच कळतात: एक, देक, तुन, हतर, पह. जाफन्याकडे मात्र तमिळ बोलली जाते, तिथे नमस्काराला 'वणक्कम' आणि आभाराला 'नन्‍री'.

१०. तब्येत आणि फसवणूक

श्रीलंका २०१६ मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाली, पण डेंग्यू आहे. दिवसाही डासांचे मलम लावा. पाणी बाटलीतले किंवा उकळलेलेच प्या. रुग्णवाहिकेसाठी १९९० हा क्रमांक असून ती सेवा मोफत आहे, पोलिसांसाठी ११९.

हिंसक गुन्ह्यांची भीती पर्यटकाने फार बाळगू नये, पण गोड बोलून वेळ आणि पैसा काढणारे भेटतात. कँडीत एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाने 'आज विहार दुपारपर्यंत बंद आहे' असे सांगून आम्हाला एका रत्नांच्या दुकानात नेले. विहार बंद नव्हता. जागा बंद आहे की नाही हे दारापर्यंत जाऊनच पाहा. रत्ने आणि मसाल्यांच्या बागा यांत चालकाला दलाली असते, म्हणून नको असेल तर सकाळीच स्पष्ट सांगा. हत्तीवर बसून फेरी मारू नका. मिन्नेरिया किंवा उदवलवे या राष्ट्रीय उद्यानांत जीपमधून मोकळे कळप पाहा, त्याची सर कशालाच नाही.

११. परतीचा दिवस

विमानतळ कोलंबो शहरात नसून उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर कटुनायके येथे आहे. एल्ल किंवा गॉलहून थेट त्याच दिवशी विमान पकडण्याचा बेत आखू नका. शेवटची रात्र नेगोंबोत काढा, तिथून विमानतळ जवळ आहे. जुन्या मूर्ती किंवा पोथ्या विकत घेऊ नका, पन्नास वर्षांहून जुन्या वस्तू परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाहीत. चहा आणि दालचिनी मोठ्या बॅगेत ठेवा, काजूची पुडी हातात राहू द्या. उरलेले श्रीलंकन रुपये भारतात सहज बदलून मिळत नाहीत, त्यामुळे पैसे बदलल्याची ती पहिली पावती दाखवून ते विमानतळावरच, आत शिरण्यापूर्वी, बँकेच्या खिडकीवर परत करा.